वेशीपाशी भेटलेले कोसंबी

हार्वर्ड प्राच्य ग्रंथमालेचा ४१वा खंड १९५० साली निघाला. बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाची ती संपादित आवृत्ती. हेन्री क्लार्क वॉरन यांच्या मृत्यूमुळे अपुरं राहिलेलं हे काम धर्मानंद कोसंबी यांनी तडीला नेलं होतं. ४२वा खंड १९५७ साली आला. तो ‘सुभाषितरत्नकोश’, म्हणजे विद्याकराने केलेला संस्कृत सुभाषितांचा संग्रह. संपादक होते दामोदर धर्मानंद कोसंबी आणि वा. वि. गोखले. जगातल्या कितीतरी ग्रंथालयांत हे दोन खंड एकाच फळीवर खेटून उभे आहेत. एकावर बाप, दुसऱ्यावर लेक. पहिलं रोमन आद्याक्षर मात्र दोघांचंही ‘डी’च.

आता कोणी नुसतं ‘कोसंबी’ एवढंच शोधायला घेतलं, तर हाती काय लागेल? पाली व्याकरण आणि बुद्धचरित्र लागेल. आहत नाण्यांच्या वजनांची आकडेमोड लागेल. ‘ॲन इंट्रोडक्शन टू द स्टडी ऑफ इंडियन हिस्टरी’ हे १९५६ चं पुस्तक लागेल. पिकांच्या जनुकांवरचे शेकडो निबंध लागतील, कारण दामोदर कोसंबींनी १९४४ साली ‘ॲनल्स ऑफ युजेनिक्स’मध्ये गुणसूत्रांवरची अंतरं मोजण्याचं एक सूत्र मांडलं आणि आज तांदूळ-गव्हाचं वाण सुधारणारा संशोधकही ‘कोसंबी फंक्शन’ असं सहज लिहून जातो. त्याला हा माणूस भर्तृहरीही संपादित करत होता, याची कल्पना असेलच असं नाही. पंडिता रमाबाईंवरचे आणि मुंबई शहराच्या वाढीवरचे ग्रंथ लागतील. ते मीरा कोसंबी यांचे, दामोदरांच्या कन्येचे. आणि या सगळ्यांत एक गावही घुसेल. वत्स देशाची राजधानी, आजच्या उत्तर प्रदेशातलं कौशांबी, पालीत ‘कोसंबी’च. तिथल्या भिक्षूंच्या भांडणावर विनयपिटकात अख्खं प्रकरण आहे. म्हणजे ज्या पालीच्या प्रांतात धर्मानंदांचं नाव हमखास सापडायला हवं, तिथेच त्यांच्या आडनावावर धूळ जास्त.

आडनाव धरून कागद शोधण्याचं बळ आणि त्याची खोड, दोन्ही या एका उदाहरणात आहेत. विषयवार लावलेल्या कुठल्याही सूचीने पाली, नाणी, जनुकं आणि स्त्री-इतिहास एका ओळीत आणले नसते. आडनाव ते आणतं. पण ओळीत उभं केलेल्यांपैकी कोण कोणाचं, हे त्याला सांगता येत नाही. गावाच्या वेशीपर्यंत ते पोचवतं. घर आपलं आपण शोधायचं. मराठी कागदपत्रांत ही वेस कुठे उघडी आहे, कुठे पडली आहे आणि कुठे ती कधी बांधलीच गेली नव्हती, याचा हा आढावा.

एकच आद्याक्षर, दोन राजवाडे

कोसंबींत गोंधळ बाप-लेकाचा आहे, राजवाड्यांत भावाभावांचा. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे सर्वांना ठाऊक आहेत. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड त्यांनी १८९८ साली काढला, १९१० साली खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्यासोबत पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापलं. त्यांचे थोरले बंधू वैजनाथ काशिनाथ राजवाडे इंग्रजीचे प्राध्यापक आणि वैदिक वाङ्मयाचे अभ्यासक. यास्काच्या निरुक्ताचं मराठी भाषांतर त्यांचं. रोमन लिपीत दोघेही ‘व्ही. के. राजवाडे’. विषयावरून वेगळे काढावेत म्हटलं, तर धाकट्या भावानेही संस्कृत भाषेच्या घडणीवर आणि ज्ञानेश्वरीच्या व्याकरणावर लिहून ठेवलं आहे. इंग्रजी ग्रंथाच्या तळटीपेत ‘राजवाडे, व्ही. के.’ दिसलं की वाचकाने थांबायला हवं. मराठीत हा प्रश्न पडतच नाही, कारण आपण ‘वि. का.’ आणि ‘वै. का.’ लिहितो.

ही बारीकशी गोष्ट फार मोलाची आहे. देवनागरी आद्याक्षर म्हणजे स्वरासकट आख्खं अक्षर. रोमन आद्याक्षरात फक्त व्यंजन उरतं. करव्यांची यादी समोर ठेवली की हे चांगलं कळतं. महर्षी धोंडो केशव कर्वे, त्यांचे चिरंजीव प्राध्यापक दिनकर धोंडो कर्वे, आणि ग्रामीण व लघुउद्योगांवरच्या १९५५ च्या समितीमुळे ज्यांचं नाव सरकारी कागदांत कायमचं बसलं ते अर्थशास्त्रज्ञ दत्तात्रेय गोपाळ कर्वे. मराठीत धों. के., दि. धों. आणि द. गो. रोमनमध्ये तिघेही ‘डी’ने सुरू होतात, आणि एका अक्षराच्या छपाईच्या चुकीने एकमेकांच्या खात्यावर जमा होतात. ‘समाजस्वास्थ्य’कार रघुनाथ धोंडो आणि ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे एक संपादक चिं. ग. कर्वे निदान आद्याक्षरामुळे सुटतात.

मराठी नावाची ठेवणच मुळी तीन खणांची आहे: स्वतःचं, वडिलांचं, घराण्याचं. खोली, वाडा आणि वेस म्हणा. शोधणारा वेशीतून शिरतो, पण वाडा ओळखायचा तो मधल्या नावावरून. संशोधनाच्या दृष्टीने आडनावापेक्षाही जास्त कामाचा ऐवज हे मधलं नाव आहे, आणि नेमकं तेच आपण इंग्रजी वळणाने एका अक्षरात गुंडाळून टाकलं.

दप्तरात आडनाव होतं कुठे?

आजच्या शोधणाऱ्याचा पहिला भ्रम असा की आडनाव पूर्वापार आहेच, फक्त कागद सापडायचा आहे. घराणी होती, आडनावंही होती; पण लिहिताना ती लावायची गरज दर वेळी नव्हती. शिवकालीन कागदांत मोरोपंत पिंगळे येतात ते ‘मोरेश्वर त्रिंबक’ म्हणून, रामचंद्रपंत अमात्य ‘रामचंद्र नीळकंठ’ म्हणून. दादोजी कोंडदेव आणि अण्णाजी दत्तो यांना तर आजही आपण आडनावाशिवायच ओळखतो. त्या नावांतला दुसरा शब्द बापाचा आहे. पहिल्या बाजीरावाच्या नावामागचा ‘बल्लाळ’ म्हणजे त्याचे वडील बाळाजी विश्वनाथ. घराण्याचं आडनाव भट. पण ‘भट’ शोधून पेशवाईचे कागद काढायला बसणाऱ्याच्या हाती फार थोडं लागेल.

नाना फडणीस हे याचं ठळक उदाहरण. आडनाव भानू, हुद्दा फडणिशीचा, कागदावरचं नाव ‘बाळाजी जनार्दन’. तीन वेगळ्या शब्दांनी तीन वेगळे गठ्ठे उघडतात. फडणीस हा शब्द तर आणखी फसवा, कारण प्रत्येक संस्थानात, प्रत्येक मोठ्या सरदाराकडे एक फडणीस असे आणि त्या प्रत्येकाचे वंशज आज फडणीस आहेत. कुलकर्णी, देशपांडे, देशमुख, पाटील, चिटणीस, पोतनीस, सबनीस ही सारी हुद्द्यांची नावं. गावोगाव कुलकर्णी होता, म्हणून गावोगाव कुलकर्णी आहेत. त्यांच्यात रक्ताचं नातं असेलच असं नाही; पाटलांत आणि देशमुखांत तर जातही एक असेलच असं नाही. जोशी तर महाराष्ट्राबाहेर गुजरातेत आणि कुमाऊंतही भेटतात. ‘आडनाव एक म्हणजे भाऊबंद’ हा हिशेब इथे पहिल्याच पायरीला चुकतो.

पुण्याच्या पेशवे दप्तरात हजारो रुमाल आहेत. रुमाल म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा. त्यांची मांडणी व्यक्तींच्या नावांवर नाही. ती कारभाराच्या शाखेवर, प्रांतावर, हिशेबाच्या प्रकारावर आहे. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात या दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड छापून काढले. छापील खंड वाचणाऱ्याला नावं दिसतात. रुमाल सोडणाऱ्याला आधी कारभार समजून घ्यावा लागतो. त्यात लिपी मोडी. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकाराचा भेद पाळत नाहीत. आडनाव कुठे सुरू झालं आणि कुठे संपलं, हे वाचणाऱ्यालाच ठरवावं लागतं.

आडनाव आणि वंशावळ सलग मिळण्याची एक मोठी जागा म्हणजे इनाम कमिशनचे कागद. मुंबई इलाख्यात १८५२ च्या ११व्या कायद्यानंतर इनामदारांना आपला हक्क शाबीत करावा लागला. मूळ सनद कोणाची, तिच्यानंतर कोण, त्याच्यानंतर कोण, हे पिढीवार मांडून द्यावं लागलं. या कैफियतींमुळे शेकडो घराण्यांची वंशवेल सरकारी खर्चाने जतन झाली. पण हे जतन कोणाचं झालं, तेही पाहायला हवं. ज्याच्याकडे इनाम-वतन होतं त्याच्याकडूनच वंशावळ मागितली गेली. कुळाने कसणाऱ्याला, बलुतं करणाऱ्याला, मजुराला कोणी विचारलं नाही. पुढे विसाव्या शतकात छापले गेलेले कुलवृत्तांत हीही अशीच गोष्ट. मूळ गाव, गोत्र, कुलस्वामी, शाखा आणि पिढ्या इतक्या नेटकेपणाने दुसरीकडे सापडत नाहीत. मात्र वर्गणी काढून आपल्या घराण्याचा ग्रंथ छापू शकणाऱ्यांचेच ते आहेत.

बाकीच्यांचा माग गावपातळीच्या नोंदींत लागतो. कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये, जन्म-मृत्यू लिहिलेले असतात, शाळेच्या जनरल रजिस्टरात दाखल्याची नोंद असते, फेरफारात वारसाची. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींचा शोध राज्यभर सुरू झाला, तेव्हा हे धुळकट कागद एकदम घरोघरच्या बोलण्यात आले. मोडी वाचणाऱ्यांना तालुक्याला बोलावणी आली. तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळलं की पणजोबाची नोंद असली तरी तिच्यात आडनाव असेलच असं नाही. नाव, बापाचं नाव, जात आणि गाव एवढ्यावर ती नोंद संपते. ती आपली ठरवायची तर मधल्या पिढ्यांचा एकेक दुवा जोडावा लागतो. म्हणजे पुन्हा बापाचं नाव.

कात टाकलेली आडनावं

कधी आडनाव असतं, पण एका पिढीत बदलतं. साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलाच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० रोजी एका मुलाचं नाव दाखल झालं: भिवा रामजी आंबेडकर. ती तारीख आज महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळली जाते. वडील मात्र सुभेदार रामजी सकपाळ. आंबेडकर हे आडनाव रत्नागिरी जिल्ह्यातल्या आंबडवे या मूळ गावावरून आलेलं. लष्करी नोकरीचा धागा ‘सकपाळ’वर सापडणार, कोलंबिया आणि लंडनचे प्रबंध ‘आंबेडकर’वर. या दोन कागदांना जोडणारा शब्द एकच, ‘रामजी’. तो मधल्या खणात शाबूत आहे.

गावावरून आलेल्या ‘कर’ प्रत्ययाच्या आडनावांचं हे वैशिष्ट्य की ती जात-धर्म सांगत नाहीत, नकाशा सांगतात. म्हणून ती शोधायला सर्वांत सोयीची. बेने इस्राएल समाजाचं पाहा. कोकणकिनाऱ्यावर शतकानुशतकं राहिलेल्या या मराठी बोलणाऱ्या यहुदी लोकांनी गावांची नावं लावली. त्यांचा इतिहास लिहिणारे हाईम सॅम्युएल केहिमकर हे अलिबागजवळच्या किहीमचे. त्यांचा ग्रंथ १९३७ साली तेल अवीवमध्ये छापला गेला. इस्रायलमधल्या एखाद्या कागदावर ‘कर’ने संपणारं नाव दिसलं, तर त्याची वाट रायगडच्या किनाऱ्याकडे जात असण्याची शक्यता मोठी. तो कागद हिब्रूत का असेना, गाव त्याच्या आत असतं.

गोव्यात वेस दोनदा मोडली. पहिल्यांदा धर्मांतराने: बाप्तिस्म्याच्या वेळी पोर्तुगीज आडनाव मिळालं, आणि एकमेकांशी काही संबंध नसलेली असंख्य कुटुंबं फर्नांडिस आणि डिसोझा झाली. तिथे आडनावापेक्षा गावच्या कोमुनिदादीतलं वांगड जास्त बोलतं, कारण गावकारांचे हक्क वांगडांनुसार लिहिले जात. दुसऱ्यांदा लेखणीने: हिंदू नावंही पोर्तुगीज कानाने लिहिली गेली. शेणवींचं ‘सिनाय’, कामतांचं ‘कामोतिम’, प्रभूंचं ‘पोरोब’. स्वतः या कागदांचे राखणदारही यातून सुटले नाहीत. गोव्याच्या पुराभिलेखाची स्थापना १५९५ ची, पहिला अधिकारी इतिहासकार दियोगु दु कोतु. विसाव्या शतकात हे दप्तर ज्यांनी लावलं ते पांडुरंग पिसुर्लेकर पोर्तुगीज ग्रंथांवर ‘पांदुरोंग पिस्सुर्लेंकार’ असे छापले जातात, रोमनमध्ये दोन ‘एस’ आणि ‘के’ऐवजी ‘सी’ घेऊन. त्यांचं मराठी आणि पोर्तुगीज लेखन एकाच माणसाचं आहे, हे यंत्राला कोणीतरी सांगावं लागतं.

यंत्राचा कान

यंत्राला उच्चार कळावा म्हणून अमेरिकेत १९१८ साली रॉबर्ट रसेल यांनी ‘साउंडेक्स’ नावाच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. नावाचं पहिलं अक्षर ठेवायचं, स्वर गाळायचे, उरलेल्या व्यंजनांना आकडे द्यायचे. सारख्या उच्चारांची नावं एका कप्प्यात पडावीत हा हेतू. आजही वंशावळीच्या शोधयंत्रांत तिचे वंशज काम करतात. आपली नावं तिच्यातून घातली की गंमत होते. ‘शिंदे’ आणि इंग्रजांनी केलेलं ‘सिंदिया’ या दोघांचा आकडा एकच निघतो, एस-५३०. पण ‘गायकवाड’ येतात जी-२३० वर आणि बडोद्याच्या जुन्या इंग्रजी कागदांतले ‘गायकवार’ जी-२६० वर. ‘भोसले’ बी-२४०, त्यांचंच नाकातलं रूप ‘भोन्सले’ बी-५२४. म्हणजे ग्वाल्हेर सापडलं, बडोदं आणि नागपूर हुकलं. आणि पहिलं अक्षरच बदललं तर कारभार संपला. वागळे ‘व्ही’ने लिहिले की एका कप्प्यात, ‘डब्ल्यू’ने लिहिले की दुसऱ्या.

विद्वत्तापूर्ण सूच्यांची अडचण उलट प्रकारची. त्यांत गलथानपणा नाही, फार काटेकोरपणा आहे. अमेरिकेतल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या लिप्यंतरात मराठी शब्दातला प्रत्येक लिहिलेला ‘अ’ दाखवतात, बोलताना तो गळत असला तरी. म्हणून तिथे कुलकर्णी हे जणू ‘कु-ल-क-र्णी’ असे प्रत्येक अक्षर मोकळं उच्चारून लिहिलेले असतात, देशपांडे ‘दे-श-पां-डे’, राजवाडे ‘रा-ज-वा-डे’. रोजच्या इंग्रजी स्पेलिंगने शोधणाऱ्याला वाटतं की तिथे मराठी पुस्तकं फारशी नाहीत. ती आहेत, दाराची कडी निराळी आहे इतकंच. मोठी ग्रंथालयं एका लेखकाची सारी रूपं एका नोंदीखाली बांधून ठेवतात. अशा नोंदी असतात त्या प्रसिद्ध लेखकांच्या. तालुक्याच्या गावी एकच पुस्तक छापून गेलेल्या माणसाला ते भाग्य नाही.

तीन खणांपैकी दोन बदलले तर

आतापर्यंतचा हिशेब पुरुषांचा झाला. मधल्या नावावर भरवसा ठेवा, हे सांगणं स्त्रियांच्या बाबतीत निम्मं कोसळतं. लग्नानंतर मधलं नाव बदलतं, आडनाव बदलतं, पुष्कळदा पहिलंही. तिन्ही खणांत नवं बिऱ्हाड.

कमला भागवत १९३३ साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत दाखल झाल्या, १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली. लग्नानंतर त्या कमला सोहोनी. वनस्पतींतल्या सायटोक्रोमवरचं काम एका नावाने, नीरा आणि कडधान्यांवरचं दुसऱ्या नावाने. बहीण दुर्गा भागवत. रोमन लिपीत एकीच्या आडनावात ‘व्ही’, दुसरीच्या ‘डब्ल्यू’. एका घरातल्या दोन बहिणी, एक जीवरसायनात आणि एक लोकसाहित्यात. पण आडनावाने शोधणाऱ्याला त्या बहिणी म्हणून भेटणार नाहीत.

इरावती कर्वे यांचा जन्म १९०५ चा, ब्रह्मदेशातला, माहेर करमरकरांचं. बर्लिनला जाऊन त्यांनी मानववंशशास्त्रात डॉक्टरेट केली. करव्यांच्या यादीत त्या सापडतात, पण त्यांच्या दोन्ही लेकी सापडत नाहीत, कारण मराठी आणि इंग्रजी साहित्यात त्या गौरी देशपांडे आणि जाई निंबकर आहेत. धोंडो केशवांपासून सुरू झालेला लेखनाचा धागा आडनावाच्या यादीत जिथे तुटलेला दिसतो, तिथे तो प्रत्यक्षात चालूच असतो.

उलट प्रकारही घडतो. आनंदीबाई जोशी माहेरच्याही जोशीच. कल्याणच्या यमुना जोशी गोपाळराव जोशींशी लग्न होऊन आनंदी झाल्या, तेव्हा बदललं ते पहिलं आणि मधलं नाव. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्या १८८६ साली पदवीधर झाल्या. अमेरिकन कागदांत, त्यांच्या प्रबंधावर आणि कॅरोलिन डॉल यांनी १८८८ साली लिहिलेल्या चरित्रावर आडनावाच्या शेवटी ‘आय’ नाही, दोन ‘ई’ आहेत. आजच्या रूढ स्पेलिंगने तो कागद हुकतो. पंडिता रमाबाई माहेरच्या डोंगरे, सासरच्या मेधावी; पुस्तकांवर दोन्ही नाहीत. १८८७ च्या ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’वर त्या ‘पंडिता रमाबाई सरस्वती’ आहेत. आणि ज्या खटल्याने मुंबई-लंडन ढवळून निघालं तो न्यायालयाच्या पुस्तकांत ‘दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई’ असा नोंदला गेला. नवऱ्याला बापाचं नाव तरी आहे. बायकोला तेही नाही. रखमाबाईंचं ‘राऊत’ आडनाव शोधून तो खटला मिळणार नाही.

जिथे वेस नव्हतीच

मराठी माणूस जिथे दूर गेला तिथे काही वेळा आडनाव वाटेतच गळलं. तंजावरच्या मराठी कुटुंबांनी दक्षिणेची रीत घेतली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा इथे दिवाणगिरी केलेले सर टी. माधवराव हे घरी मराठी बोलणारे. पण नावातला ‘टी’ म्हणजे तंजावर, आणि ‘राव’ ही उपाधी. शोधायला आडनावच नाही. गावाचं आद्याक्षर मात्र पुढे येऊन बसलं आहे.

मॉरिशसला १८३४ पासून गिरमिटिये जाऊ लागले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातले आणि घाटावरचे मराठी लोक होते. नोंदवहीत प्रत्येकाचं नाव, बापाचं नाव, जात, गाव आणि जिल्हा लिहिला गेला. पुढच्या पिढ्यांना सरकारी कागदासाठी आडनाव लागलं, तेव्हा त्या बापाचं किंवा आजोबाचं पहिलं नाव आडनाव होऊन बसलं, तेही फ्रेंच-इंग्रजी कानाने लिहिलेलं. आजच्या मॉरिशसवासी मराठी माणसाचं आडनाव कोकणात शोधून काही उपयोग नाही. त्याची किल्ली आहे पणजोबाला बोटीतून उतरताना मिळालेला नोंदणी क्रमांक. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत या वह्या आहेत. माणसाला आकडा दिला गेला याची चीड येते. आणि त्याच आकड्यामुळे गाव सापडतं, हेही खरं.

आज संशोधक स्वेच्छेने असाच आकडा घेतात. २०१२ साली सुरू झालेली ‘ऑर्किड’ ही १६ अंकी ओळख नेमकी यासाठीच आहे. जोशींची, कुलकर्ण्यांची आणि पाटलांची गर्दी सोडवायला तिच्याइतकं सोपं साधन नाही. लग्न झालं, स्पेलिंग बदललं, देश बदलला, तरी आकडा तोच. मात्र ती जिवंतांसाठी आहे. रुमालात बांधलेल्यांना आकडा देणारं कोणी नाही.

मग शोधायचं कसं?

आपल्याकडे याचं उत्तर कागदाच्या आधीपासून आहे. नाशिकला, त्र्यंबकेश्वराला गेलात की तीर्थोपाध्ये पहिले दोन प्रश्न विचारतात: गाव कोणतं आणि आडनाव काय? मग वही निघते आणि तिच्यात आजोबांची सही, त्यांच्यासोबत आलेली माणसं, त्यांची नाती. त्या वहीची सूची नुसत्या आडनावाची कधीच नव्हती. गावाशिवाय आडनाव, हा त्यांच्या लेखी अर्धा पत्ता. मोठ्या ग्रंथालयांनी लेखकाच्या नावापुढे जन्मसाल जोडून जे साधलं, ते उपाध्यांनी गाव जोडून साधलं होतं.

तेव्हा आडनावाने सुरुवात करावी, आणि सढळ हाताने करावी. सगळी स्पेलिंगं, सगळे हुद्दे, माहेर आणि सासर दोन्ही घ्यावीत. आलेला ढीग पाहून लगेच गाळायला बसू नये, कारण तांदळाच्या निबंधातला कोसंबी हा नाण्यांचाच कोसंबी निघतो, हा शोध गाळणाऱ्याला लागत नाही. मग प्रत्येक कागदाला आडनावाखेरीज दोन खुंट्या मागाव्यात: बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, गाव, साल, हस्ताक्षर, पत्ता, यांपैकी कोणत्याही दोन. दोन जुळल्या तर नातं मांडावं; एकच जुळली तर पेन्सिलने लिहावं. नुसतं आडनाव जुळलं तर काहीच लिहू नये. आणि काही कागद आडनावाने कधीच येणार नाहीत, हेही धरून चालावं. दामोदर कोसंबींनी काही गणिती निबंध ‘एस. ड्युक्रे’ या टोपणनावाने छापले. ते त्यांच्या आडनावाच्या यादीत कसे येणार?

आज लिहिणाऱ्यांच्या हातात एक साधी गोष्ट आहे. प्रबंधावर, लेखावर, पुस्तकाच्या मुखपृष्ठामागे आपलं नाव पूर्ण लिहावं, तिन्ही खणांचं. ज्यांचं नाव बदललं त्यांनी आधीचंही कुठेतरी नोंदवावं. शंभर वर्षांनी कोणी वेशीपाशी येऊन उभा राहिला, तर त्याला वाडा विचारता येईल.

हार्वर्डच्या त्या फळीवर आता पुन्हा जाऊ. ४२व्या खंडावर ‘डी. डी. कोसंबी’ असं छापलेलं आहे. त्यातला पहिला ‘डी’ दामोदर. दुसरा ‘डी’ उघडून पाहिला की त्यात धर्मानंद निघतात, शेजारच्या ४१व्या खंडाचे.